तलाव सुधारायचा तर आधी पाणवनस्पती

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सहा हजारांहून अधिक आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने धानशेतीसाठी ते बांधले. मासेमारी ढिवरांकडे, म्हणजे इथल्या मच्छीमार समाजाकडे, होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली, तलाव सरकारजमा झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली देखभाल खंडित झाली.

पुढे तलावांत रोहू, कटला, मृगळ सोडले जाऊ लागले. हे मुळात नदीतले मासे. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, त्यामुळे बीज दरवर्षी विकत घ्यावं लागतं. मरळीचं तसं नाही. ती पाणवनस्पतींच्या दाटीत घरटं करते आणि नर-मादी पिल्लांची राखण करतात. वनस्पती गेल्या की मरळीचा पाळणाच जातो. बाहेरून आणून सोडलेला गवत्या मासा त्या खाऊन टाकतो, तसाच बाहेरचा सायप्रिनस मासा तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि ऊन तळापर्यंत पोचत नाही. काठावर बेशरम माजते. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप गुरं खात नाहीत, आणि त्याचा तोडलेला तुकडाही ओल्या मातीत मूळ धरतो.

ढिवरांना हे सगळं ठाऊक आहे. कोणती वनस्पती काठाच्या उथळ पाण्यात येते, कोणती तळाशी, कोणता मासा कुठे अंडी घालतो आणि काय खातो, हे ते बारकाव्यानिशी सांगतात. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव परिसरात तलावांवर काम करणारे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवरांच्या याच ज्ञानाला कामाचा आधार केलं. उन्हाळ्यात पाणी आटलं की बेशरम मुळासकट उपटायची, तळाची जमीन नांगरायची आणि देशी पाणवनस्पती लावायच्या. या कामात ढिवर स्त्रियाही पुढे आहेत. वनस्पती रुजल्या की त्यांच्या पानांवर शेवाळ धरतं, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यावर पिल्लं पोसली जातात. मागोमाग पक्षीही येतात.

सरकारी दुरुस्तीत मात्र गाळ किती घनमीटर निघाला एवढंच मोजलं जातं, हे मला फार खटकतं. यंत्राने तळ सरसकट खरवडला की गाळाबरोबर वनस्पतींचे कंद आणि बियाही जातात. काठाचा सौम्य उतार तुटून थेट खोल खड्डा होतो. सिंचनासाठी गाळ काढणं गरजेचं आहे, यात वाद नाही. पण गेलेल्या वनस्पती परत आणायच्या तर जिथे त्या अजून टिकून आहेत, अशाच दुसऱ्या तलावातून आणाव्या लागतात. तेव्हा यंत्र उतरवण्याआधी ढिवरांसोबत काठाने फिरून, कोणत्या भागाला हात लावायचा नाही हे नकाशावर आखून घ्यायला हवं, आणि पुनर्लागवडीचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरायला हवा.