कमी वाढलेला भात

लेकीला मधुमेह निघाला तेव्हा ती २७ वर्षांची होती. अंगाने बारीक, रोज मुलुंड ते सीएसएमटी लोकलने ये-जा करणारी. वय पाहून आधी टाइप २ समजून गोळ्या सुरू झाल्या. काही महिने बरं चाललं. मग वजन उतरत गेलं आणि शुगर काही केल्या खाली येईना. तेव्हा एका डॉक्टरांनी दोन तपासण्या लिहून दिल्या, जीएडी अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड. निदान बदललं : टाइप १.

हा लहान मुलांचा आजार, असंच मी समजत होते. तो तिशीत, चाळिशीतही सुरू होतो. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर हल्ला करते, आणि इन्सुलिन बनवतात त्या याच पेशी. मोठ्या वयात हा नाश बरेचदा सावकाश होतो. थोड्या पेशी शिल्लक असेपर्यंत गोळ्यांवर भागतं, म्हणून गफलत होते. रक्तात अँटिबॉडी सापडणं ही त्या हल्ल्याची खूण. सी-पेप्टाइड हा इन्सुलिन तयार होताना सुटणारा तुकडा. तो फार कमी भरला, तर शरीर स्वतःचं इन्सुलिन पुरेसं बनवत नाही हे कळतं.

लहानपणी हिला शिकरण-पोळी दिली, मागेल तेव्हा लाडू दिला, त्याचंच हे फळ, असं म्हणत मी कितीतरी रात्री जागून काढल्या. गोड खाल्ल्याने टाइप १ होत नाही. माझ्यासारखे जे आईवडील आत्ता जागे असतील त्यांच्यासाठी पुन्हा लिहिते : होत नाही.

माझी खरी चूक पुढे झाली, तीही मायेपोटी. मधुमेहात भात कमी खावा, एवढं मला ठाऊक होतं. एका रविवारी मी तिला न सांगता निम्माच भात वाढला. ती फोनवर बोलत जेवली, तिच्या लक्षात आलं नाही. तासाभरात हात थरथरायला लागले, चेहरा पांढरा पडला. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५८.

शिजलेल्या १०० ग्रॅम पांढऱ्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. तिला तेव्हा दर १० ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट इन्सुलिन लागत असे (हे प्रमाण तिचं, प्रत्येकाचं वेगळं, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं). २०० ग्रॅम भाताचा हिशेब धरून तिने जेवणाआधी टोचून घेतलं होतं. निरोगी शरीरात साखर उतरायला लागली की इन्सुलिन सुटणंही कमी होतं. टोचलेलं इन्सुलिन मागे घेता येत नाही. जलद प्रकारचं इन्सुलिन पंधरा-वीस मिनिटांत कामाला लागतं, तास-दोन तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि तीन ते पाच तास ते रक्तात राबत राहतं. मी काढून ठेवलेल्या भाताच्या वाट्याचं इन्सुलिन तिच्या अंगात होतं, भात मात्र पातेल्यात.

टाइप २ असून नुसत्या पथ्यावर किंवा मेटफॉर्मिनच्या गोळ्यांवर असलेल्या मुलाला हाच कमी भात बहुधा फायद्याचा ठरला असता. म्हणून आपल्या मुलाला कोणता मधुमेह आहे आणि कोणतं औषध चालू आहे, हे आधी समजून घ्या; पथ्याचं नंतर बोलू. आता मी ताट वाढायच्या आधी विचारते, "टोचलंस का? किती भाताचं?"

शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अजून कमीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवून १०८ला फोन करायचा.

मुंबईत ही लक्षणं ओळखणंच अवघड. साखर उतरली की ॲड्रेनलिन वाढतं, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते. मे महिन्यात, गच्च भरलेल्या डब्यात घाम कुणाला येत नाही? एकदा दादरचा पूल धावत चढल्यावर तिला असंच झालं आणि दम लागला असेल म्हणून तिने सोडून दिलं. आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. त्यात इन्सुलिनचा अंमल चालू असेल तर दोन्हीकडून साखर उतरते. आता घाम आला की ती आधी बोटाला सुई टोचते.

उघडलेलं इन्सुलिनचं पेन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं, पण बहुतेक पेनांसाठी ३० अंशांच्या आत, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी पारा त्याच्या वर असतो. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा उपाय मी करून पाहिला. पण दमट हवेत पाणी सावकाश उडतं, म्हणून गारवाही कमीच मिळतो. नवी पेनं फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवते. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला तिने आपणहून सगळं सांगितलं, पर्समधली साखरेची पुडीही दाखवली. आमच्या नातेवाइकांना मात्र अजून सांगितलेलं नाही. ते कधी सांगायचं हे ती ठरवेल, म्हणून इथे तिचं नाव लिहिलेलं नाही.