जुनं ऑडिओ उपकरण वर्णनाप्रमाणे निघालं नाही तर: तक्रार कोण करू शकतो, कुठे करायची, कागद कोणते लागतात

गेल्या पावसाळ्यात मी एक जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर मागवला. विकणारा दुकानदार होता, जुनी ऑडिओ उपकरणं विकणं हाच त्याचा धंदा. जाहिरातीत तीन गोष्टी स्वच्छ लिहिल्या होत्या: दोन्ही चॅनल चालू, नुकतंच सर्व्हिसिंग झालेलं, आतले पार्ट मूळचे. घरी जोडणी केली तर डावा चॅनल मधूनच गायब व्हायचा आणि व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर. झाकण काढून पाहिलं तर आउटपुट ट्रान्झिस्टरची एक जोडी वेगळ्याच कंपनीची. फोन केला तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, जुनी वस्तू आहे, एवढं तेवढं चालायचंच."

या एका वाक्यावर बरेच लोक गप्प बसतात. मीही दोन दिवस बसलो. पण वस्तू जुनी असणं वेगळं आणि वर्णन खोटं असणं वेगळं. ग्रिलवर ओरखडे आहेत, लाकडाचा रंग उडालाय, तीस वर्षांच्या कॅसेट डेकची मोटर किंचित आवाज करते, हे वयाचं आहे. ते सांगितलेलं असेल किंवा फोटोत दिसत असेल तर त्यावर तक्रार उभी राहत नाही, राहूही नये. पण 'स्पीकरचा फोम नवीन' असं लिहिलंय आणि बोट लावताच फोमचा भुगा होतो, 'बेल्ट बदलला आहे' असं लिहिलंय आणि टर्नटेबलमधला बेल्ट सैल पडलाय, किंवा '२३० व्होल्ट' म्हणून विकलेलं यंत्र जपानी बाजारासाठीचं १०० व्होल्टचं निघतं, तेव्हा वयाचा प्रश्नच येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(१०) मध्ये 'दोष' या शब्दाची व्याख्या आहे. कायद्याने किंवा कराराने अपेक्षित असलेला दर्जा नसणं हा दोष आहेच, पण विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला तो दर्जा नसणं हासुद्धा दोष आहे. म्हणून जाहिरातीतली ती ओळ हाच तुमचा सगळ्यात महत्त्वाचा कागद.

तक्रार कोणाविरुद्ध चालते

इथेच सर्वाधिक गल्लत होते. ग्राहक आयोगाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या न्यायपीठाकडे, तक्रार चालते ती व्यापाऱ्याविरुद्ध. दुकान असो, ऑनलाइन विक्रेता असो, घरून पण नियमितपणे जुनी उपकरणं घेऊन विकणारा असो, तो व्यापारीच. कोणी आपल्या घरातला एकच जुना रेकॉर्ड प्लेअर विकला असेल तर तो व्यापारी नाही. ऑनलाइन विक्रीसाठीचे २०२० चे ई-कॉमर्स नियमही नियमित व्यवसाय म्हणून न विकणाऱ्या खासगी व्यक्तीला लागू होत नाहीत. त्या प्रसंगाचा मार्ग वेगळा आहे, तो पुढे सांगतो. म्हणून विक्रेत्याच्या नावावर आणखी किती उपकरणं विक्रीला आहेत ते पाहा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

दुसरी अट तुमच्याबाबत. वस्तू पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी घेतली असेल तर तुम्ही कायद्याच्या दृष्टीने ग्राहक नाही. मग गावोगावी लग्न, जत्रा, कीर्तनाला साउंड पुरवणाऱ्या माणसाने काय करायचं? त्याने जुना मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर घेतला, तो निकामी निघाला, ऐन लग्नसराईत हंगाम बुडाला. हा माणूस ग्राहक ठरू शकतो. स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात मोजली जात नाही, असं कायद्यातच स्पष्टीकरण आहे. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा माणसाने मदतीला एकदोघांना घेतलं म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. मात्र ही गोष्ट तक्रारीत तुम्हीच लिहायला हवी: मी स्वतः हे काम करतो, यावर माझं घर चालतं. हे वाक्य नसेल तर समोरचा वकील पहिला आक्षेप यावरच घेतो.

पहिले दोन दिवस

जाहिरात आधी जपा. पूर्ण पान, किंमत, तारीख, विक्रेत्याचं नाव, सगळे फोटो, चॅटमधलं बोलणं. तक्रार केल्यावर जाहिरात उडवली जाते किंवा बदलली जाते, मग शब्दाला शब्द उरतो. खोकं उघडताना सलग व्हिडिओ घ्या: वरची चिठ्ठी, त्यावरचं वजन, आतलं पॅकिंग, मग यंत्राच्या मागचा सीरियल नंबर. खोकं आणि थर्मोकोल फेकू नका.

आणि दुरुस्त करून घेऊ नका. मी झाकण काढलं ही माझी चूक होती, कारण दुकानदाराने लगेच म्हटलं की ट्रान्झिस्टर तुम्हीच बदलले असतील. चालू करून दोष ऐकता येतो, त्याचा आवाजासह व्हिडिओ घ्या आणि तिथेच थांबा. नंतर ओळखीच्या तंत्रज्ञाकडे नेऊन लेटरहेडवर लेखी तपासणी अहवाल घ्या. पुण्यात बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारलंत तर असे जाणकार सापडतात. अहवालात तारीख, मॉडेल, सीरियल नंबर, काय तपासलं आणि काय आढळलं एवढं हवं. 'यंत्र खराब आहे' एवढ्याने भागत नाही. 'डाव्या चॅनलला आउटपुट खंडित, व्हॉल्यूम पोटेन्शिओमीटर झिजलेला, अलीकडे सर्व्हिसिंग झाल्याच्या खुणा नाहीत' असं लिहिलेलं हवं.

विक्रेत्याला लेखी कळवणं हे तिसरं काम, आणि ते त्याच आठवड्यात. वस्तू विक्री कायदा १९३० चं कलम ४२ म्हणतं की वाजवी मुदतीत नाकारल्याचं न कळवता वस्तू ठेवून घेतली तर ती स्वीकारली असं धरलं जातं. आणि कलम ४३ नुसार, वेगळा करार नसेल तर, नाकारलेली वस्तू स्वखर्चाने परत पाठवायला तुम्ही बांधील नाही, नाकारल्याचं कळवणं पुरे. पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टानेही पाठवा. मजकूर साधा ठेवा: अमुक तारखेला अमुक वर्णनावरून इतक्या रुपयांना घेतलं, वर्णनात हे होतं, प्रत्यक्षात हे आहे, मी वस्तू नाकारत आहे, १५ दिवसांत पैसे परत करून वस्तू घेऊन जावी. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं बिलावर छापलेलं असलं तरी दबू नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथेत बसतं, आणि बिलावर मुदत दिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते.

खरेदी ऑनलाइन मंचावरून असेल तर मंचाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असा २०२० च्या नियमांत दंडक आहे. जाहिरातीतले गुण नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हेही तिथेच आहे. पैसे क्रेडिट कार्डाने दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम परत फिरवण्याचा, अर्ज लगेच टाका, त्याची मुदत कार्डाच्या नियमांप्रमाणे चालते.

वाटेत आपटून मोडलं असेल तर विक्रेत्याबरोबर वाहतूकदारही येतो. टर्नटेबलची प्लॅटर (फिरणारी तबकडी) आणि काउंटरवेट (मागचं वजन) न काढता पाठवलं की टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, जायबंदी होतो, हा मात्र पॅकिंगचा, म्हणजे विक्रेत्याचा दोष. ट्रकने माल नेणाऱ्या ट्रान्सपोर्ट कंपनीवर दावा करायचा असेल तर २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेलीच पाहिजे.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. तिथे आदेश होत नाही, मध्यस्थी होते, आणि नाव सांभाळणाऱ्या विक्रेत्यांबाबत ती पुष्कळदा पुरते. मात्र हेल्पलाइनकडे तक्रार पडून आहे म्हणून आयोगाकडे जाण्याची मुदत थांबत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, हे ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ मधलं गणित तसंच चालू राहतं.

आयोगाकडे अर्ज

वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे आपल्या विषयात जवळजवळ नेहमी जिल्हा आयोगच. २०१९ च्या कायद्याने केलेली मोठी सोय अशी की तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीत असला तरी साताऱ्याच्या माणसाने साताऱ्यात दाखल करायची. वकील लावणं सक्तीचं नाही. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये. इतकं असूनही १८,००० रुपयांच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी कोण कोर्टात जाणार, असं म्हणून माणसं सोडून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अर्ज १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर करता येतो. मोबाइल आणि ईमेलने नोंदणी, मग आयोग निवडणं, दोन्ही पक्षांची माहिती आणि कागदांच्या पीडीएफ. तक्रारीच्या मजकुराला आरंभी तारखांची यादी जोडा, वाचणाऱ्याला फार सोपं जातं. समोरच्याला कागदोपत्री 'सामनेवाला' म्हणतात, काही जिल्ह्यांत 'जाबदेणार' किंवा 'विरुद्ध पक्ष'. विक्रेता क्रमांक एक, ऑनलाइन मंच क्रमांक दोन, गरज असेल तर वाहतूकदार तीन. दुकानाचं नुसतं नाव पुरत नाही. मालकाचं नाव आणि नोटीस पोहोचेल असा पत्ता लागतो, आणि तो बिलावरच्या जीएसटी क्रमांकावरून शोधता येतो.

सोबत बिल किंवा पैसे दिल्याचा पुरावा, जाहिरातीच्या प्रती, चॅट, खोकं उघडल्याचा व्हिडिओ, तंत्रज्ञाचा अहवाल, विक्रेत्याला पाठवलेलं पत्र आणि पोस्टाची पोचपावती, तुमचं ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, आणि तक्रारीतला मजकूर खरा असल्याचं प्रतिज्ञापत्र. बिल दिलंच नाही? बिल न देणं हीच कायद्याने अनुचित प्रथा आहे, तेही तक्रारीत लिहा आणि यूपीआयची नोंद जोडा. स्क्रीनशॉट आणि व्हिडिओसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र सोबत असेल तर नंतरचा वाद टळतो.

मागणी नेमकी असू द्या: किंमत व्याजासह परत, तपासणी आणि वाहतुकीचा खर्च, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. १८,००० च्या वस्तूसाठी पाच लाखांची भरपाई मागू नका, तक्रारीचं वजन कमी होतं.

दाखल करून घ्यायची की नाही हे साधारणपणे २१ दिवसांत ठरतं. नोटीस गेल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग यंत्र सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो आणि त्याची फी तुम्हाला भरावी लागू शकते. म्हणूनच ते न उघडलेलं, न दुरुस्त केलेलं असावं. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने मागता येते. कायदा तीन महिन्यांचं, चाचणी लागल्यास पाच महिन्यांचं लक्ष्य ठेवतो, प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागतो हे धरून चाला.

विकणारा खासगी माणूस असेल तर

तेव्हाही वर्णनाला धरून वस्तू असली पाहिजे, ही वस्तू विक्री कायद्याच्या कलम १५ मधली अट लागू राहते. फक्त दाद दिवाणी न्यायालयात मागायची, मुदत तीन वर्षं. रकमेपेक्षा खर्च जास्त होऊ शकतो, त्यामुळे एक नीट नोटीस पाठवून तडजोड करणं बहुतेकदा शहाणपणाचं. पण खोक्यात अ‍ॅम्प्लिफायरऐवजी विटा आल्या किंवा पैसे घेऊन माणूसच नाहीसा झाला तर ती फसवणूक आहे. तासाभरातच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा, पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवलं जाण्याची शक्यता तेव्हाच असते.

माझं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. कलमांसह पत्र गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात दुकानदाराने माणूस पाठवून यंत्र नेलं आणि पूर्ण रक्कम खात्यावर टाकली. वाहतुकीचे पैसे मी सोडले. तुमच्या बाजूने आयोगाचा आदेश झाला आणि समोरच्याने पाळला नाही, तर त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करायचा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली वसुली होते, कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आदेश विरुद्ध गेला तर राज्य आयोगाकडे अपील ४५ दिवसांत, म्हणून आदेशाची प्रत हाती आलेली तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.