कळी कोणाचे ऐकते?

पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो त्या बगलेत एक लहानसा टणक उंचवटा असतो. बागायतदार त्याला डोळा म्हणतात, तर वनस्पतिशास्त्रज्ञ कक्षास्थ कलिका. धारदार पात्याने तो उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर एकमेकांवर मिटलेली कोवळी पाने आणि त्यांच्या मधोमध सतत विभागू शकणाऱ्या पेशींचा इवलासा घुमट स्पष्ट दिसतो. फांदी होण्यासाठी लागणारे सारे काही तिथे सिद्ध असते, तरीही असे कितीतरी डोळे महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षे, निपचित पडून राहतात. एवढी तयारी असताना कलिका थांबते कशामुळे आणि वाढीला लागते ती कोणाच्या इशाऱ्यावर, या प्रश्नाने जीवशास्त्रज्ञांना गेली शंभर वर्षे गुंतवून ठेवले आहे.

शेंडा खुडला की खालच्या डोळ्यांतून फांद्या फुटतात, हे माळीकाम करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्यामागच्या रसायनाचा छडा १९३०च्या दशकात केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी लावला. त्यांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे छाटले आणि छाटलेल्या जागी ऑक्सिन हे संप्रेरक असलेले अगरचे तुकडे बसवले. शेंडा नसतानाही, तो असल्याप्रमाणेच बगलेतील कलिका दबलेल्या राहिल्या. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन खोडातून खाली वाहते आणि कलिकांना रोखते, हे उत्तर त्यातून मिळाले व ते पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. मात्र ते अर्धेच आहे. खोडातून उतरणारे ऑक्सिन कलिकेच्या आत शिरतच नाही, असे पुढील प्रयोगांत आढळले. मग जे आत जात नाही, ते थोपवते कसे?

या कोड्याचा एक दुवा २००८ मध्ये हाती आला. वाटाणा आणि भात यांच्या अतोनात फुटवे येणाऱ्या उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) रोपांवर काम करणाऱ्या दोन संशोधक गटांनी स्ट्रिगोलॅक्टोन या गटातील संयुगे फांद्या फुटण्याला आळा घालतात, हे दाखवून दिले. ऑक्सिनमुळे या संयुगांची निर्मिती वाढते, आणि कलिकेला चेतवणाऱ्या सायटोकायनिनची निर्मिती घटते. म्हणजे ऑक्सिन स्वतः आत न जाताही त्याचा हुकूम आत पोहोचतो. त्याहून अनपेक्षित निष्कर्ष २०१४ मध्ये वाटाण्यावरील प्रयोगांतून निघाला. शेंडा छाटल्यावर खालच्या कलिका फुगू लागतात, पण त्या वेळी त्यांच्या आसपासच्या खोडातील ऑक्सिन कमी झालेलेच नसते. शेंडा हा साखरेचा मोठा गिऱ्हाईक असतो. तो गेल्याबरोबर उरलेली साखर वेगाने कलिकांकडे वळते, आणि पहिला इशारा तिचाच असतो. शेंडा शाबूत ठेवून रोपाला बाहेरून साखर पुरवली, तरी कलिका जाग्या झाल्या. माझ्या मते या साऱ्या संशोधनातला हा सर्वांत सुंदर प्रयोग आहे, कारण अन्न म्हणून ओळखला जाणारा पदार्थ संदेशाचेही काम करतो, हे त्याने इतक्या साधेपणाने सिद्ध केले.

थंड प्रदेशातील वृक्षांच्या कलिका हिवाळ्यात याहून कडक बंदोबस्तात राहतात. दिवस लहान होऊ लागले की अॅस्पेन वृक्षाच्या कलिकेत अॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि पेशींना परस्परांशी जोडणारे सूक्ष्म मार्ग कॅलोज नावाच्या पदार्थाने बुजतात, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. वाढीचा संदेश आला तरी तो आत पोहोचू नये, अशीच ही व्यवस्था आहे. त्यामुळे हिवाळ्यात मध्येच चार दिवस ऊब आली, तरी ही कलिका फसत नाही.

प्राण्यांतही कलिका आहेत. गोड्या पाण्यातील हायड्राच्या अंगावर फुटलेला कोंब काही दिवसांत स्वतंत्र प्राणी होऊन अलग होतो. अब्राहम ट्रेंब्ली यांनी १७४०च्या दशकात त्याचे बारकाईने निरीक्षण केले होते. पण आपल्या प्रश्नाला अधिक नेमके उत्तर मिळते ते कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणात. तिथे पंख आणि पाय सुरुवातीला केवळ पेशींचे फुगवटे असतात, आणि त्यांच्या कडेवर बाह्यस्तराची, म्हणजे भ्रूणाच्या सर्वांत बाहेरच्या पेशीथराची, एक बारीक धार असते. जॉन साँडर्स यांनी ही धार काढून टाकली. १९४८ मध्ये त्यांनी नोंदवले की त्यानंतर पंखाचा टोकाकडचा भाग तयारच होत नाही. धार जितक्या लवकर काढावी, तितका पंख अधिक आखूड राहतो. पुढे याच फुगवट्याच्या मागच्या कडेवरील पेशी पुढच्या कडेवर बसवल्या असता बोटांचा आरशातील प्रतिबिंबासारखा दुसरा संच उगवला. त्या पेशींतून स्रवणारे प्रथिन सोनिक हेजहॉग हे आहे, याचा उलगडा १९९३ मध्ये झाला.

हेच प्रथिन आपल्या जिभेवरही काम करते. गुस्ताव श्वाल्बे आणि ओटो लोवेन यांनी १८६७ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सस्तन प्राण्यांच्या रुचिकलिकांचे वर्णन केले. प्रत्येक रुचिकलिकेत साधारण ५० ते १०० लांबट पेशी मिटलेल्या पाकळ्यांप्रमाणे एकत्र आलेल्या असतात आणि त्यांची टोके एका सूक्ष्म छिद्रातून तोंडातील लाळेला भिडतात. गोड, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्श्यासारखी खमंग) या चवी एका प्रकारच्या पेशी ओळखतात, तर आंबट चव दुसऱ्या प्रकारच्या. जिभेच्या टोकावर फक्त गोड व मुळाशी फक्त कडू चव कळते, हा समज चुकीचा आहे.

या कलिकेतून काही उमलत नाही, तरीही ती सतत नव्याने घडत असते. खूण केलेल्या पेशींचा माग काढून १९६५ मध्ये उंदरांवर केलेल्या अभ्यासात या पेशींचे सरासरी आयुष्य सुमारे २५० तास भरले. म्हणजे चव ओळखणाऱ्या बहुतेक पेशी दोन आठवड्यांच्या आत बदललेल्या असतात, आणि नव्या पेशींना चेतातंतूशी पुन्हा जोडणी करावी लागते. तो चेतातंतू कापला, तर रुचिकलिका विरून जाते. तो पुन्हा वाढून आला, की ती परत तयार होते. चेता नुसती बातमी वाहून नेत नाही, तर जिभेतील मूळपेशींना, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या पेशींना, आर-स्पॉन्डिनसारखी प्रथिनेही पुरवते. चेता कापलेल्या उंदरांना हे प्रथिन बाहेरून दिले असता रुचिपेशी पुन्हा निर्माण झाल्या. प्रौढ उंदरांच्या जिभेत सोनिक हेजहॉग मुद्दाम वाढवले, तर एरवी जिथे रुचिकलिका नसतात अशा जागीही, चेतातंतूशिवाय, त्या उगवल्या.

त्वचेच्या एका कर्करोगावर व्हिस्मोडेगिब हे औषध दिले जाते. ते हेजहॉगचा संदेशमार्ग रोखून गाठीची वाढ थांबवते. परंतु जिभेलाही तोच संदेश लागत असल्याने ते घेणाऱ्या अनेक रुग्णांची चव जाते. औषध बंद केल्यावर बहुतेकांची चव हळूहळू परतते, कारण खालच्या मूळपेशी शिल्लक असतात आणि संदेश पुन्हा मिळू लागताच त्या कामाला लागतात.