सेकीची पात्यांची जत्रा व जपानी धारकाम

जपानच्या मध्य भागातील गिफू प्रांतात, सेकी या शहरी दरवर्षी ऑक्टोबरमध्ये भरणारी जत्रा. जपानी नाव हामोनो मात्सुरी. ती १९६८ पासून भरते. होनमाची रस्त्यावर स्थानिक कारखानदार सुऱ्या, कात्र्या, वस्तरे, नेलकटर सवलतीत विकतात. तलवार घडवण्याची प्रात्यक्षिकेही होतात.

सेकीत लोहारकाम केव्हा रुजले, याविषयी एकमत नाही. स्थानिक परंपरा हा मान मोतोशिगे या लोहाराला देते. तो कामाकुरा काळात (११८५–१३३३) बाहेरून आला, असे ती सांगते. मात्र क्यूशूहून की होकी प्रांतातून, याबाबत तिच्यातच दोन पाठ आहेत. तलवारींचे अभ्यासक मिनो (सेकीचा परिसर ज्यात येई तो जुना प्रांत) येथील लोहारघराण्याचा आरंभ किंजू व कानेउजी यांच्यापासून धरतात. हे दोघे मासामुने या विख्यात तलवारकाराच्या दहा शिष्यांत गणले जातात, परंतु ही यादी उत्तरकालीन असून तिच्यातील सर्वांचा काळ जुळत नाही. उपलब्ध पात्यांचा आधार असल्याने चौदाव्या शतकाकडे झुकणारे हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे मागोरोकू कानेमोतो या लोहाराच्या पात्यांवरील, देवदारांच्या रांगेसारख्या दिसणाऱ्या धाररेषेने (पाणी दिल्याने धारेलगत उमटणारी रेषा) सेकीला कीर्ती मिळाली. चांगली माती, पाइनचा कोळसा आणि नागारा व त्सुबो या नद्यांचे पाणी ही भरभराटीची कारणे सांगितली जातात. १८७६ मध्ये तलवार बाळगून फिरण्यावर बंदी आल्यानंतर लोहार घरगुती पात्यांकडे वळले. आजच्या जत्रेतला माल बहुतांशी त्याच वळणाचा.

धार लावण्याची पद्धत स्वयंपाकाची सुरी व तलवार यांसाठी वेगळी आहे. माशांचे काप काढण्याची यानागिबा किंवा भाज्यांची उसुबा ही पाती एकाच बाजूने उतरती असतात. मागची बाजू किंचित खोलगट ठेवतात, त्यामुळे दगडावर फक्त कडा टेकतात. पाते मऊ लोखंड व कठीण पोलाद यांच्या सांधणीचे. उतार दगडावर सपाट टेकवून घासायचा, मागे धातूची बारीक कड उठली की पाते उलटून ती हलक्या हाताने काढायची. भरड, मध्यम (साधारण १००० क्रमांकाचा) व बारीक असे दगड क्रमाने वापरतात. घासताना दगडावर जमणारा गाळ धुऊन टाकत नाहीत, कारण तोच पुढचे काम करतो. नवशिके नेमका तोच आधी धुतात.

तलवारीचे धारकाम हा स्वतंत्र व्यवसाय असून होनआमी घराण्याचे नाव त्यात अग्रगण्य आहे. कलावंत होनआमी कोएत्सू (१५५८–१६३७) याच घराण्यातला. कारागीर ठेंगण्या बैठकीवर बसून दगड पायाखालच्या लाकडी पट्टीने दाबून धरतो. पहिल्या टप्प्यात बिन्सुई, काइसेइ, नागुरा अशा दगडांनी आकार व पृष्ठ साधतात, शेवटी उचिगुमोरी हा बारीक दगड. मग दगड हलतो, पाते स्थिर राहते: उचिगुमोरीच्या पातळ चकत्यांना मागून कागद चिकटवून त्या अंगठ्याखाली फिरवतात. लोहभस्म तेलात कालवून, गाळून पोलादाला काळसर छटा देतात व पाठ पोलादी सळईने चमकवतात.

या शेवटच्या भागात खरा मतभेद आहे. जुन्या साशिकोमी पद्धतीत पाणी दिल्याने उमटलेली धाररेषा जशी आहे तशी दिसू देतात. हादोरी पद्धतीत तिच्या आधाराने पांढरी कड घासून उठवली जाते. या पद्धतीचे श्रेय सामान्यतः मेइजी काळातील (१८६८–१९१२) होनआमी हेइजुरो याला देतात. दालनात दुरून पाहणाऱ्याला हादोरी सोयीची. परंतु मूळ रेषा तिच्याआड झाकली जाते, हा आक्षेप रास्त आहे, आणि जाणकार पाते प्रकाशात तिरके धरूनच पाहतात.

क्योतोजवळील नारुताकी व आतागो परिसरातील दगड बारीक धारेसाठी उत्तम मानले जातात. हा गाळाचा सिलिकायुक्त खडक सूक्ष्म सागरी जीवांच्या अवशेषांचा बनलेला असून त्याचे वय सुमारे २५ कोटी वर्षे मानतात. बहुतेक खाणी बंद पडल्याने सुऱ्यांसाठी व तलवारीच्या आरंभीच्या टप्प्यांसाठी आता कृत्रिम दगड चालतात. अखेरच्या उचिगुमोरीला मात्र नैसर्गिक दगडच लागतो.