दोनशे पिकोग्रॅम, पन्नास तास

मेडिकलमधून आणलेल्या ओव्ह्युलेशन किटवर रेघ गडद उठली, की ‘बीज सुटलं’ असं अनेकजणी धरून चालतात. प्रत्यक्षात ते अजून अंडाशयातच असतं. पट्टी मोजते ते एलएच हे हार्मोन, म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीने अंडाशयाला धाडलेला हुकूम. रक्तातलं एलएच उसळू लागल्यावर साधारण ३४ ते ३६ तासांनी बीज बाहेर पडतं.

या पिट्युटरीला हलवतं मेंदूतलं जीएनआरएच हे दुसरं हार्मोन. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातल्या हजार-दोन हजार पेशी ते सोडतात, तेही ठोक्याठोक्याने. पाळीनंतरच्या दिवसांत दर ६० ते ९० मिनिटांनी एक ठोका. १९७८ साली शास्त्रज्ञ अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने या पेशी निकामी केलेल्या ऱ्हीसस माकडांना जीएनआरएच सलग दिलं, तर एलएच बसलं. पंपाने तासातून एकदा सहाच मिनिटं दिलं, तर पुन्हा वर आलं. एन्डोमेट्रिओसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) ल्युप्रोलाइड हे जीएनआरएचसारखं औषध देतात ते याच तत्त्वावर: सतत मारा, सुरुवातीला थोडी उसळी, मग शांतता.

आता खरी गंमत. अंडाशयातलं इस्ट्रोजेन एरवी एलएचला दाबून ठेवतं. पण वाढलेल्या फॉलिकलमुळे (बीज असलेली पिशवी) इस्ट्राडायोल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, रक्तात मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या वर गेलं आणि तिथेच सुमारे ५० तास टिकलं, की तेच इस्ट्रोजेन एलएचची लाट उठवतं. पातळी गाठली पण तास भरले नाहीत, तर लाट नाही. जीएनआरएच पेशींवर इस्ट्रोजेनचा निरोप टिपणारा मुख्य रिसेप्टर (अल्फा) जवळपास नसतोच. निरोप पोचवतात किसपेप्टिन हा रेणू सोडणाऱ्या शेजारच्या पेशी. (या रेणूचं जनुक सापडलं अमेरिकेतल्या हर्शी गावात, नाव तिथल्या ‘किसेस’ चॉकलेटवरून.) उंदरांत एलएच दाबणाऱ्या आणि उसळवणाऱ्या किसपेप्टिन पेशींचे गट वेगवेगळ्या जागी असतात. माणसात वाटणी इतकी स्वच्छ नाही; शिवाय इस्ट्रोजेन पिट्युटरीलाही जास्त संवेदनशील करतं. नोबिल यांच्या माकडांत पंपाचा ठोका तासाला एकच ठेवला, तरी एलएचची लाट वेळेवर आली! म्हणजे महिन्याचं घड्याळ अंडाशयात आहे. पौर्णिमा-अमावास्येशी पाळी जुळवणाऱ्यांनी आणि ‘हार्मोन बॅलन्स’चे काढे विकणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

बीज सुटल्यावर अंडाशयातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन जीएनआरएचचे ठोके मंदावतं, अगदी तीन-चार तासांवर एक. पीसीओएस या अंडाशयाच्या विकारात बीज सुटत नाही तेव्हा हा लगामही लागत नाही. ठोके भरभर पडत राहतात, एलएच कायम चढं राहतं आणि किट कुठल्याही दिवशी गडद रेघ दाखवू शकतं. रजोनिवृत्तीच्या सुमारासही तेच. उलट, तपासणीआधी तांब्याभर पाणी प्यायलात, तर लघवी पातळ होऊन खरी लाटही निसटते. दोन तास आधीपासून पाणी बेताचंच प्यावं. बीज सुटलं का, याची खात्री हवी असेल तर पुढच्या पाळीच्या अपेक्षित तारखेआधी सात दिवस रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासतात. २८ दिवसांच्या चक्रात तो २१वा दिवस. चक्र ३५ दिवसांचं असेल, तर २८वा.