पोपट बोलतो, पण कुणाशी?

आमच्या लहानपणी बडोद्यात दांडिया बाजारातल्या मराठी वाड्यांमधून पडवीत पिंजरा टांगलेला असे. आमच्याकडचा पोपट ‘विठू विठू’ म्हणे, शेजारच्या गुजराती घरातला ‘सीताराम’. पोपट तेच, एकाच झाडाच्या ढोलीतून काढलेले असतील. भाषा मात्र ज्या घरी राहिले त्या घरची.

हीच गोष्ट फार जुन्या काळी एका परदेशी माणसाच्या लक्षात आली होती. टेसियस हा ग्रीक वैद्य इराणच्या दरबारात होता. इसवीसनापूर्वी 400 च्या सुमारास त्याने भारतातल्या एका पक्ष्याविषयी लिहिलं, की तो भारतीय भाषा बोलतो आणि ग्रीक शिकवली तर ग्रीकही बोलेल. आपल्याकडे तर कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये ‘शुकसारिकाप्रलापन’, म्हणजे राघू-मैनेला बोलायला शिकवणं, ही एक कलाच आहे. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ या संस्कृत ग्रंथातली कथा राजाला सांगतो तो वैशंपायनही पोपटच. बडोद्याच्या राजवाड्यात पाहुण्यांसमोर पोपटांचे खेळ होत. चांदीच्या चिमुकल्या सायकलीवर बसून पोपट पायडल मारी, छोटी तोफही उडवी.

या सगळ्या परंपरेतून एक समज पक्का झाला: पक्षी बोलतो तो माणसाने शिकवलं म्हणून. न कळता घोकणं म्हणजे पोपटपंची, असा शब्दही आपण करून ठेवला. मला हा शब्द पक्ष्यावर अन्याय करणारा वाटतो.

ब्रायन बर्ट्रम या अभ्यासकाने आसामात रानातल्या डोंगरी मैनांच्या हाका ऐकल्या आणि 1970 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिंजऱ्यात हुबेहूब माणसासारखी बोलणारी ही मैना रानात दुसऱ्या जातींच्या पक्ष्यांची नक्कल करतच नाही. ती शिकते आजूबाजूच्या मैनांकडून. नर नराकडून, मादी मादीकडून. थोडं दूर गेलं की हाका बदलतात, बोली बदलावी तशा. पिल्लू घरट्यातून उचलून पिंजऱ्यात ठेवलं की शेजारी म्हणून उरतो तो माणूस, आणि मग ती त्याचे शब्द उचलते. पोपटाचंही तसंच. थव्यात राहणाऱ्या पाखराला आपल्या माणसांची हाक यावी लागते. पिंजऱ्यात ती माणसं आपण असतो. ‘विठू विठू’ ही हाक तो आपल्याला घालत असतो, हे कळल्यापासून मला ती पूर्वीसारखी गोड वाटत नाही.

खरे रानातले नकलाकार वेगळेच आहेत आणि ते बडोद्यातही भेटतात. नकल्या खाटीक या पक्ष्याचं तर नावच बोलकं आहे. झुडपाच्या शेंड्यावर बसून तो टिटवी, पावशा, खार, इतकंच काय, कुत्र्याच्या पिल्लाचं केकाटणंसुद्धा हलक्या आवाजात गुंफत राहतो. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. कोतवाल पक्षी, ज्याला इथे काळो कोशी म्हणतात, त्याहून बेरकी. तो शिक्रा या शिकारी पक्ष्याची हाक काढतो. घाबरून साळुंक्या उडाल्या की त्यांनी टाकलेला किडा उचलतो. आफ्रिकेतला त्याचा भाऊबंद खोट्या धोक्याच्या हाकांनी मीरकॅट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यालाही फसवतो. जंगलातला भृंगराज, हाही कोतवालाचाच भाऊबंद, तर इतर पक्ष्यांच्या हाका काढून त्यांना आपल्याबरोबर चरायला गोळा करतो. एवढे आवाज निघतात ते श्वासनळीच्या तळाशी, जिथे तिच्या दोन फांद्या होतात, तिथल्या स्वरयंत्रातून. आपलं स्वरयंत्र वर, घशात असतं.

ऑस्ट्रेलियात आणखी एक वळण दिसलं. तिथे पिंजऱ्यातून सुटलेले काकाकुवे रानातल्या थव्यात मिसळले आणि माणसाचे शब्द थव्यातल्या इतरांनी उचलल्याचं लोकांना ऐकू आलं. शिकवणारा माणूस जवळ नाही, तरी शब्द पुढे चालू.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर 1990-91 मध्ये बंदी आली. तरी पिंजरे पूर्ण गेलेले नाहीत. बडोद्याच्या कमाटी बागेत सकाळी लवकर गेलात तर पिंजऱ्यांकडे न जाता विश्वामित्री नदीच्या काठाकडच्या झुडपांपाशी थांबा. पिल्लू केकाटल्याचा आवाज आला आणि कुत्रं कुठेच दिसलं नाही, तर वर शेंड्याकडे पाहा.