एकदाच सांगायला लागावं म्हणून

लैंगिक अत्याचार सोसलेलं मूल बोलायला लागलं की मोठ्यांची धावपळ सुरू होते. आई विचारते, शाळेतल्या बाई विचारतात, मग पोलीस. दवाखान्यात आधी नर्स विचारते, मग डॉक्टर. बालकल्याणचे अधिकारी येतात, वकील येतात आणि बऱ्याच काळाने न्यायालयात सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. यातल्या प्रत्येकाचा प्रश्न त्याच्या कामापुरता रास्त असतो. पण मुलाच्या वाट्याला तोच प्रसंग पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी नव्या माणसासमोर, नव्या खोलीत.

हे अपवादाने घडणारं नाही. युनिसेफने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार आज हयात असलेल्या ३७ कोटींहून अधिक मुली आणि स्त्रियांवर वयाच्या अठराव्या वर्षाआधी बलात्कार किंवा लैंगिक हल्ला झाला आहे, म्हणजे दर आठांपैकी एकीवर. मुलगे आणि पुरुषांमध्ये हे प्रमाण अकरात एक इतकं आहे. बहुतेक वेळा अत्याचार करणारा माणूस मुलाच्या ओळखीचा असतो, अनेकदा घरातलाच. मूल उशिरा का बोलतं आणि बोलल्यावर गप्प का होतं, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

१९८५ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, हंट्सव्हिल इथे, तिथले सरकारी वकील बड क्रेमर यांनी ही धावपळ उलटी फिरवायचं ठरवलं. मुलाने खात्याखात्यांत फिरायचं नाही, सगळ्या खात्यांनी एकाच केंद्रात मुलाकडे यायचं. आज अमेरिकेत अशी ९०० हून अधिक केंद्रं आहेत. १९९८ मध्ये आइसलँडने रेक्याविकला ‘बार्नाहूस’, म्हणजे मुलांचं घर, या नावाचं असंच केंद्र सुरू केलं आणि आणखी एक पाऊल पुढे टाकलं: मुलाची जबानी तिथेच, न्यायाधीशांच्या देखरेखीखाली रेकॉर्ड होते, आरोपीचा वकील शेजारच्या खोलीतून ती पाहतो आणि आपले प्रश्न मुलाखतकारामार्फत विचारतो. खटल्यात तीच साक्ष धरली जाते, म्हणून मुलाला पुढे सहसा न्यायालयात उभं राहावं लागत नाही. ही पद्धत नंतर स्वीडन, नॉर्वे आणि युरोपातल्या इतर देशांत पसरली.

एकदाच विचारायचं, हा आग्रह निव्वळ दयेपोटी नाही. मुलांच्या स्मृतीवर झालेल्या संशोधनाचा त्याला आधार आहे. लहान मुलांना घडलेलं आठवतं, आणि स्वतःहून, आपल्या शब्दांत सांगितलेलं बहुतांशी अचूक असतं. घोटाळा आपल्या प्रश्नांमुळे होतो. ‘त्यांनी तुला तिथे हात लावला ना?’ असं विचारलं की चार-पाच वर्षांचं मूल मोठ्यांना हवं ते उत्तर देऊ शकतं. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर आपलं आधीचं उत्तर चुकलं असं समजून ते बदलू शकतं. शिवाय कुणीही एकच आठवण चार वेळा सांगितली तर चारही वेळा तपशील थोडे वेगळे येतात, हा स्मृतीचा स्वभावच आहे. न्यायालयात मात्र हाच फरक दाखवून मूल खोटं बोलतंय असं ठसवलं जातं. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात एका बालवाडीचं प्रकरण गाजलं. मुलांना सुचवणारे, दबाव आणणारे प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखती त्या खटल्याच्या केंद्रस्थानी होत्या. खटला वर्षानुवर्षं चालला आणि १९९० मध्ये एकही शिक्षा न होता संपला. अशा चौकशीने निर्दोष माणसं भरडली जाऊ शकतात आणि खरं बोलणाऱ्या मुलांवरचा विश्वासही उडतो.

त्या अनुभवातून शिकून नव्वदच्या दशकात मायकल लँब आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या बालआरोग्य संस्थेत मुलाखतीची एक रीत तयार केली. आज अनेक देशांत ती वापरली जाते. खोली साधी असते, खेळणी मोजकी, म्हणजे लक्ष विचलित होत नाही. दोन खुर्च्या, वर कॅमेरा, मुलासमोर एकच प्रशिक्षित माणूस. पोलीस, सरकारी वकील, बालकल्याणचे अधिकारी पलीकडच्या खोलीत पडद्यावर पाहत असतात आणि हे मुलाला सांगितलेलं असतं. आधी नियम ठरतात. ‘एखादी गोष्ट माहीत नसेल तर सरळ माहीत नाही म्हण. मी चुकले तर मला सांग.’ आणि नियमाचा सरावही होतो. ‘माझ्या कुत्र्याचं नाव काय, असं मी विचारलं तर काय म्हणशील?’ मूल म्हणतं, ‘माहीत नाही.’ ‘बरोबर. तुला माहीत नाही, म्हणून तू तसं सांगितलंस.’ मग अलीकडच्या एखाद्या साध्या प्रसंगाबद्दल, वाढदिवस म्हणा, सहल म्हणा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला लावतात. मूल किती बोलू शकतं हे त्यातून कळतं आणि आज बोलायचं आपण आहे, हे मुलालाही उमगतं. मूळ विषयाला हात घातला जातो तो त्यानंतर: ‘आज तू इथे का आलीस, ते मला सांग.’ पुढचे प्रश्न शक्य तितके मोकळे. ‘मग काय झालं?’ ‘त्याबद्दल अजून सांग.’ शेवटाकडे मुलाखतकार थोडा वेळ उठून पलीकडच्या खोलीत जाते आणि काही राहिलंय का विचारून येते. पोलिसांची शंका, वकिलांची शंका, सगळं त्याच बैठकीत निपटतं.

वैद्यकीय तपासणीबद्दल समाजात जितके गैरसमज आहेत तितके दुसऱ्या कशाबद्दल नसतील. तपासणीत काही सापडलं नाही म्हणजे काही घडलंच नाही, हा त्यातला सर्वांत घातक. अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांची तपासणी सामान्य येते. अनेक प्रकारच्या अत्याचारांत जखम होतच नाही, झालीच तर तिथली नाजूक त्वचा काही दिवसांत भरून येते, आणि मूल बोलेपर्यंत बहुधा महिने उलटलेले असतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३६ गरोदर किशोरींची तपासणी केली होती. शरीरसंबंधाचा निर्विवाद पुरावा त्यातल्या फक्त दोघींमध्ये दिसला. तथाकथित कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मग तपासणी करायची कशाला? उपचारांसाठी. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, गर्भधारणा रोखण्याचे उपाय पाच दिवसांपर्यंत करता येतात, इतर संसर्गांवरही इलाज असतात. अत्याचार नुकताच झाला असेल तर पुराव्यांचीही घाई असते. लहान मुलांच्या शरीरापेक्षा अंगावरच्या कपड्यांवर आणि चादरींवर पुरावा सापडण्याची शक्यता जास्त असते, म्हणून कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवणं महत्त्वाचं. आणि याहून वेगळं एक कारण आहे, जे मला सर्वांत मोलाचं वाटतं. आपलं शरीर आता कायमचं बिघडलंय, अशी भीती अनेक मुलांच्या मनात घर करून असते. डोक्यापासून पायापर्यंत शांतपणे, प्रत्येक पायरीला परवानगी घेत तपासून डॉक्टर म्हणतात, ‘तुझं शरीर ठीक आहे’, तेव्हा तो उपचारच असतो. मूल नको म्हणालं तर तिथे थांबायचं. बळजबरीने केलेली तपासणी ही दुसरी इजा ठरते.

मानसिक परिणाम सगळ्यांवर सारखे नसतात. १९९३ च्या एका आढाव्यात ४५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र पाहिले गेले. सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये त्या वेळी लक्षणं दिसत नव्हती, तर काहींमध्ये ती नंतर उमटतात. त्यामुळे प्रत्येक मुलाचं मूल्यमापन हवं, प्रत्येकावर तोच उपचार लादायला नको. ज्यांना भीतीचे झटके, वाईट स्वप्नं, स्वतःला दोष देणं असा त्रास होतो, त्यांच्यासाठी ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनॅरिनो आणि एस्थर डेब्लिंजर यांनी विकसित केलेली, आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचाराची (म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणाऱ्या मानसोपचाराची) पद्धत चांगलीच तपासली गेली आहे. साधारण १२ ते १६ सत्रं होतात. मूल आधी स्वतःला शांत करायला शिकतं, भावनांना नावं द्यायला शिकतं आणि मग हळूहळू घडलेलं मांडतं. पालकांची सत्रं समांतर चालतात. समुपदेशकाने तपास करायचा नाही आणि खटला संपेपर्यंत उपचार थांबवायचे नाहीत, या दोन्ही गोष्टी सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्याव्या लागतात.

पालकांचा मुद्दा मी जरा ताणूनच धरतो, कारण सेवा उभारताना तोच सर्वांत आधी सुटतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अत्याचार सिद्ध झालेल्या २५७ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यातल्या २३ टक्के मुलांनी पुढे कधीतरी आपलं म्हणणं फिरवलं होतं. म्हणणं फिरवण्याची शक्यता लहान मुलांमध्ये जास्त होती, अत्याचार करणारा पालकांच्या जागी होता तिथे जास्त होती, आणि घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने पाठीशी उभं राहायचं नाकारलं तिथेही जास्त होती. आईचा विश्वास हा उपचाराचाच भाग आहे. पण त्याच आईचा नवरा तुरुंगात गेलेला असतो, घरभाडं थकलेलं असतं, सासर-माहेर दोन्हींकडून बोल लागत असतात. तिला उपदेशाचा काही उपयोग नाही. तिच्या घराचा, पैशांचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न हातात घेणारं कुणीतरी लागतं. चांगल्या केंद्रांत यासाठी एक सहायक व्यक्ती नेमलेली असते. पहिल्या दिवसापासून खटला संपेपर्यंत तीच फोन करते, तारखा सांगते, न्यायालयात सोबत बसते. पोलीस अधिकारी बदलतात, वकील बदलतात, ही व्यक्ती शक्यतो बदलत नाही.

या केंद्रांनी नेमकं काय साधलं? अमेरिकेतल्या तुलनात्मक अभ्यासांत असं दिसलं की केंद्र असलेल्या भागांत तपास अधिक समन्वयाने होतो आणि जास्त मुलांची वैद्यकीय तपासणी होते. शिक्षेच्या प्रमाणात मात्र ठाम, सर्वत्र सारखा फरक दिसला नाही. म्हणून केंद्राचं यश फक्त शिक्षांवर मोजलं तर हाती काही लागणार नाही. मुलाला किती वेळा विचारलं गेलं, उपचार किती दिवसांत सुरू झाले, किती जणांनी ते पूर्ण केले, हे मोजायला हवं.

असं केंद्र उभारताना सुरुवातीलाच सुंदर इमारतीचा आराखडा काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी करार हवा: कुणी कुणाला किती तासांत कळवायचं, मुलाखत कोण घेणार, रेकॉर्डिंग कुणाच्या ताब्यात राहणार, उपचाराची कोणती माहिती पोलिसांकडे जाणार नाही. मग ठरलेल्या दिवशी सर्व खात्यांची बैठक, जिथे चालू असलेल्या प्रत्येक मुलाचं नाव घेऊन काय अडलंय ते विचारलं जातं. त्यासाठी रुग्णालयातली एक शांत खोलीही पुरते, मात्र येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा टाळता येतील असा रस्ता तिला हवा, आणि आरोपीची व मुलाची गाठ पडण्याची शक्यता तिथे उरता कामा नये. दिव्यांग मुलांसाठी आणि वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी दुभाष्याची सोय आधीच करून ठेवावी लागते, आणि तो दुभाषी नातेवाईक असू नये.

अंदाजपत्रकातून सर्वांत आधी कात्री लागते ती कर्मचाऱ्यांच्या आधारासाठी ठेवलेल्या पैशांना. हे काम करणारी माणसं दिवसेंदिवस अशा जबान्या ऐकतात. झोप उडणं, चिडचिड, सतत सावध राहणं, हे त्रास त्यांनाही होतात. मुलाखतकारांच्या रेकॉर्डिंगचा सहकाऱ्यांनी नियमित आढावा घेतला नाही, तर प्रशिक्षणानंतर काही महिन्यांतच सुचवणारे प्रश्न परत येऊ लागतात, हेही संशोधनात दिसलं आहे. आढावा, अनुभवी माणसाचं मार्गदर्शन आणि कामातून मधून मधून सुटका, याचा खर्च पहिल्या वर्षापासून धरला नाही तर अनुभवी माणसं सोडून जातात आणि नव्यांना पहिल्यापासून तयार करावं लागतं.